पंचफुलाची पत्र्याची मुळाक्षरं

अकोल्यात मोर्णा नदीपलीकडे कापूस पिंजायची नव्हे, सरकी काढायची एक जिन होती. तिचं खरं नाव फाटकावर इंग्रजीत लिहिलेलं होतं, आणि त्या फाटकातून रोज आत जाणाऱ्या तीनशे माणसांपैकी ते कुणालाच वाचता येत नव्हतं. जुन्या धुराड्यावर बगळे बसत म्हणून लोकांनी तिचं बगळ्या जिन असं परस्पर बारसं केलं होतं. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथं कापसातून सरकी निघे, रुईच्या गाठी बांधल्या जात, आणि हवेत इतकी रुई उडे की सकाळी काळ्या केसांनी आत गेलेली तरणी माणसं संध्याकाळी पांढऱ्या केसांनी बाहेर पडत. त्यावरून ती एकमेकांची थट्टा करत आणि हसता हसता खोकत.

जिनमध्ये शंभरेक बाया होत्या, आणि त्यांच्या कडेवर लेकरं होती. जिथं इतक्या बाया कामाला, तिथं लेकरांसाठी खोली पाहिजे असा सरकारचा कायदा होता. शेठजींनी खोली दिली. देताना त्यांनी जिनमधली सगळ्यात निरुपयोगी खोली निवडली, त्यात त्यांचा दोष नाही. कोणत्याही शेठनं तीच निवडली असती. सरकीच्या गोदामाला चिकटलेली, एक दार, गजांची एक खिडकी आणि आड्याला बांधलेल्या जुन्या लुगड्यांच्या पंधरा-वीस झोळ्या. बाया मधल्या सुटीत तिथं लेकरांना पाजायला बसत, म्हणून पुरुषमाणसानं आत पाय टाकायचा नाही असा रिवाज होता. हंगामातून एकदा सरकारी साहेब येई. तोही दारातून मान तिरकी करून बघे आणि वहीत लिही, लेकरं शांत आहेत.

लेकरं शांतच असत. गोदाबाई त्यांना गोळी देई.

गोळी म्हणजे अफूची, बाजरीच्या दाण्याएवढी, आईच्या दुधात उगाळून. सकाळी जिभेवर बोट फिरवलं की लेकरू दुपारपर्यंत डोळा उघडत नसे. गोदाबाई काही दुष्ट बाई नव्हती. तिचं बोट अंदाजाला फार पक्कं होतं आणि त्याचा तिला अभिमान होता, जसा सोनाराला तराजूचा असतो. आयांनाही ठाऊक होतं. कितीतरी आया गोळी स्वतःच पदराला बांधून आणत. यंत्रापाशी आठ तास उभं राहायचं, आणि शेजारच्या खोलीतून आपल्याच लेकराचं रडणं ऐकत उभं राहायचं, हे एखादीला जमत असेल, शंभर जणींना जमत नाही.

पंचफुलाला ते एकदा जमलं नव्हतं. ही पातूरकडची बाई. लग्नानंतर नवऱ्याबरोबर, शेषरावाबरोबर, अमरावतीजवळ बडनेऱ्याला एका जिनमध्ये कामाला होती. तिथंही अशीच खोली आणि अशीच कुणी म्हातारी होती. पंचफुलाचा देवमन अकरा महिन्यांचा होता आणि भारी रडका होता, म्हणून तिनंच म्हातारीला सांगितलं, "माय, आज जराशी जास्त दे. मुकादम बोलून राहिला." देवमन दुपारी उठला नाही, संध्याकाळीही उठला नाही. दोन वर्षांनी शेषराव छातीत रुई भरून गेला. पंचफुला अकोल्याला भावाच्या आसऱ्याला आली. छप्पन साली वस्तीतल्या लोकांबरोबर नागपूरला जाऊन ती बौद्ध झाली, परत येऊन घरातले देवांचे टाक मोर्णेत सोडून दिले, आणि लेकरांनी शिकलं पाहिजे एवढी एक गोष्ट डोक्यात घट्ट धरून बगळ्या जिनमध्ये कापूस निवडायला बसली. शिकवायला स्वतःचं लेकरू मात्र नव्हतं.

सत्तावन साली ऐन हंगामात गोदाबाई नातीच्या लग्नात नाचली आणि पाय मोडून घेतला. वरातीतल्या म्हाताऱ्यांनी तिला तसं करू नको म्हणून विनवलं होतं. पण बँडवाला तिच्या माहेरचा निघाला, मग इलाज नव्हता. खोलीत बसायला कुणी उरलं नाही. मुकादम खुशालराव हा मिशी मोठी आणि आवाज त्याहून मोठा असा माणूस. त्यानं अंगणात उभं राहून विचारलं, "लेकराईपाशी कोन बसते?"

"मी बसतो," पंचफुला म्हणाली. "पन गोळी नाई द्याची मी."

"मंग काय देशीन? भाषन?"

"हाव. थेच देतो."

बाया हसल्या. पण तिनं खरोखर भाषणच दिलं, आणि पुढची पाच वर्षं ते संपलंच नाही. पंचफुला बोलायला लागली की मोर्णेचा पूर बरा, तो निदान भादव्यात ओसरतो. लेकरू झोळीतून काढताना ती त्याला सांगे, "आता तुले काढून राहिली. हे झोळी. हे गाठ. गाठ कोनं मारली? तुह्या मायनं मारली, म्हनून सुटून नाई राहिली." तीन महिन्यांच्या लेकराशी ती भाजीच्या भावाबद्दल बोले आणि मध्ये थांबून त्याच्या उत्तराची वाट पाही. लेकरू 'अं' म्हणे. "तेच तं मी म्हनतो," पंचफुला म्हणे, आणि पुढं चालू. चिमणी, सरकी, सूप, ऊन, मुंगळा, खुशालरावाची मिशी, जे दिसेल त्याचं नाव. दुपारी एक गोष्ट. रोज तीच गोष्ट, त्यातली कोल्हीण रोज त्याच ठिकाणी विहिरीत डोकावे, आणि रांगणारी लेकरंसुद्धा त्या जागेच्या आधीच श्वास धरून बसत.

पहिले काही दिवस दोन-तीन जणींनी आपापल्या लेकरांच्या पाण्याचे तांबे वेगळे ठेवले, कारण पंचफुला कोणत्या वस्तीतली हे सगळ्यांना माहीत होतं. लेकरांनी आठवड्याभरात सगळे तांबे एकमेकांत फिरवून तो प्रश्न निकालात काढला.

रडणं झालं, नाही असं नाही. पहिले पंधरा दिवस गोळीची सवय असलेली लेकरं दिवसभर टाहो फोडत होती आणि खुशालराव दारातून ओरडत होता. मग हळूहळू खोलीतून दुसरेच आवाज यायला लागले. टाळ्या, खिदळणं, आणि एकाच वेळी वीस जणांनी विहिरीतल्या कोल्हिणीला मारलेल्या हाका. साहेब आला तेव्हा दारात बराच वेळ उभा राहिला. लेकरं शांत आहेत असं लिहिता येईना आणि दुसरं काय लिहायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं खोली स्वच्छ आहे असं लिहिलं.

बोलणं आणि गोष्ट एवढ्यावर पंचफुलाचं समाधान होईना. तिला अक्षरं हवी होती. आणि तिला स्वतःला एकही येत नव्हतं.

अक्षरं जिनमध्येच होती, गोदामात, गंजत. सत्तेचाळीस साली शेठजींना देशभक्तीचा झटका आला होता आणि त्यांनी हुकूम काढला होता की आता गाठींवर इंग्रजी खुणा नकोत, देवनागरी हव्यात. गाठींवर काळ्या रंगानं खुणा उमटवायचं काम नत्थुजीचं. त्यानं घासलेटचे डबे सरळ करून, छिन्नीनं अक्षरं कापून, अ पासून ज्ञ पर्यंत सगळे पत्रे तयार केले. पत्रा गाठीवर ठेवायचा, वरून काळा रंग फिरवायचा, की खाली अक्षर उमटतं. एक हंगाम गाठी देवनागरीत गेल्या. मुंबईच्या व्यापाऱ्यानं विचारलं की ही नक्षी कशाची आहे. शेठजींची देशभक्ती तिथंच थांबली आणि पत्रे गोदामात जाऊन पडले. नत्थुजी मात्र दहा वर्षं त्यांची आठवण काढून हळहळत होता. तो स्वतः शाळेत गेला नव्हता. त्याला जी काही अक्षरं येत, ती त्या पत्र्यांवरची, शेठजींच्या मुनिमानं एकेक सांगितलेली.

पंचफुलानं पत्रे मागितल्यावर त्याला आकाश ठेंगणं झालं. त्यानं सगळ्या कडा ठोकून, घासून बोथट केल्या. पण द्यायचे कसे आणि शिकवायचं कसं? आत जायचं नाही हा रिवाज. मग दुपारच्या सुटीत तो खिडकीबाहेर उन्हात उभा राही, गजांपाशी पत्रा धरी आणि सांगे. पत्र्याची रंग लागलेली काळी बाजू तो आपल्याकडे ठेवी, कारण तीच बाजू बघून त्याला अक्षर ओळखू येई. पंचफुला आतून बघे. तिच्या बाजूनं पत्रा स्वच्छ, चकचकीत असे आणि कापलेल्या अक्षरातून ऊन आत येई. तिला अक्षर उजेडाचं दिसे.

"हा म," नत्थुजी बाहेरून म्हणे. "मायचा."

"म," पंचफुला आतून म्हणे, आणि तिच्यामागं दहा-बारा तोंडं ओठ मिटून उघडत.

"बोट फिरव त्याच्यातून. आन् पोराईले फिरवाले लाव."

"काया रंग लागते त्याईच्या बोटाले. तोंडात घालतेत."

"तं मंग काई बाजू भितीकडं करून टांग. सोच्छ बाजू लेकराईकडं."

तिनं तसंच केलं. भिंतीवर खुंट्या मारून सगळी मुळाक्षरं लेकरांच्या हाताला येतील अशी खाली टांगली; काळी बाजू भिंतीकडे, स्वच्छ बाजू लेकरांकडे. ज्या लेकराला नीट उभं राहता येत नव्हतं ते 'क' ला धरून उभं राहायला शिकलं. दातांच्या वेळी एका पोरानं 'ढ' चघळला. बसता येणारं लेकरू मांडीवर घेऊन पंचफुला त्याचं बोट अक्षराच्या वाटेनं फिरवी आणि कानाशी त्याचा आवाज काढी. कुणाला काही येतं का, हे ती कधी विचारत नसे. कोल्हिणीच्या गोष्टीसारखंच रोज, तेच, न कंटाळता.

आया तक्रारी करायला लागल्या. यासारखी सुखाची तक्रार मी दुसरी ऐकली नाही. केशरबाई ही पंचफुलाच्याच वस्तीतली, जिनमध्ये यंत्रापाशी उभी राहणारी. तिची मैना सव्वा वर्षाची असल्यापासून खोलीत होती. केशरबाई म्हणे, "काय करून ठेवली वो माही पोट्टी? मी थकून घरी येतो, आन् हे मले चुलीपाशी बसू देत नाई. हे काय, ते काय. पुड्याच्या कागदाले बोट लावून गोष्ट सांग म्हनते. मले काय येते कागदातलं?"

"काई बी सांग," पंचफुला म्हणे. "तिले तुहा आवाज पायजे."

"आवाज दिवसभर यंत्र काढते, थो घे म्हना."

पण सांगे. पुड्याच्या कागदावर बोट ठेवून, विहीर आणि कोल्हीण. आणि मैना तीन वर्षांची झाली तेव्हा स्वतःच फाटका कागद समोर धरून धाकट्या लेकरांना गोष्ट 'वाचून' दाखवू लागली, पान उलटायच्या जागी पान उलटून. एकसष्ट साली केशरबाईला मुलगा झाला, धर्मपाल. तो दहा महिन्यांचा असताना पंचफुलानं 'म' म्हटलं की भिंतीवरच्या बरोबर त्याच पत्र्याकडे मान वळवी. हे बघायला मधल्या सुटीत बाया भाकरी हातात घेऊन उभ्या राहत.

बासष्टच्या जूनमध्ये खोलीतलं पहिलं लेकरू शाळेत गेलं. ते म्हणजे मैना. पंचफुलानं तिच्या वेणीला स्वतः तेल लावलं. त्या दिवशी ती फार बोलली नाही, यावरून तिला काय वाटत असेल ते समजावं.

शाळेतले देवराव गुरुजी अंगानं सुताच्या धाग्यासारखे आणि स्वभावानं त्या धाग्याला बसलेल्या गाठीसारखे. अक्षर मात्र मोत्याचं, आणि जगातली बाकी माणसं वाईट अक्षर काढायलाच जन्माला आली आहेत अशी त्यांची खात्री. पहिल्याच दिवशी मैनानं न विचारता पाटी भरून मुळाक्षरं काढली आणि अभिमानानं त्यांच्यापुढं धरली. गुरुजी बघत राहिले. प्रत्येक अक्षर उलटं होतं. 'म' चा दांडा डावीकडे, 'क' चा गोळा दुसऱ्याच अंगाला. 'ठ' तेवढा वाचला होता, कारण बिचाऱ्याला बाजूच नसते. गुरुजींनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहायला सांगितलं. पुन्हा तेच. छडी मारली. रडत रडत पुन्हा तेच, फक्त ओळी वाकड्या. आठ दिवसांनी त्यांनी मैनाला घरी पाठवलं. डोळ्यांत किंवा डोक्यात दोष आहे, पुढच्या वर्षी बघू.

मैनानं घरी येऊन कागद धरणं सोडलं.

बातमी जिनच्या बायांत पसरली. पावसाळ्यात जिन बंद असते आणि बायांना बोलायला वेळ असतो. गोदाबाईचा पाय केव्हाच बरा झाला होता आणि खोली गेल्याचं दुःख बरं झालं नव्हतं. ती म्हणाली, "उलटं कोन लिहिते, मले सांगा. करनी करनारेच लिहितेत. लिंबावर, आमोशेले. लेकराईले झोपू देत नव्हती थे, मले तवाच समजलं व्हतं." दुसऱ्या दोघी आयांनी आपल्या लेकरांच्या हातात कोळसा देऊन पाहिलं. तीही उलटी. मग तर बोलायलाच नको. जिनं घरातले देव नदीत सोडले, जिचा भूतखेतावर काडीचा विश्वास उरला नव्हता, तिच्याच नावानं लोक लेकरांची नजर उतरवू लागले.

पंचफुला 'म' चा पत्रा पदराखाली घेऊन शाळेत गेली. गुरुजी वऱ्हांड्यात शाई घोटत होते.

"गुरुजी, पोरीचा काय गुन्हा हाय?"

"तुम्ही शिकवलंत हिला? काढा बरं 'म'."

तिनं वऱ्हांड्यातल्या मातीत बोटानं काढला, सावकाश, जसा पाच वर्षं काढत आली होती. गुरुजी हसले. ते क्वचित हसत आणि वाईट वेळी हसत.

"हा 'म' आहे? कुणी सांगितलं?"

"नत्थुजीनं. हे पाहा," आणि तिनं पत्रा काढून पुढं धरला, स्वच्छ बाजू वर.

गुरुजींनी पत्रा हातात घेतला, बघितला, आणि उलटा केला. काळी बाजू वर आली. मग त्यांनी तिच्या मातीतल्या अक्षराशेजारी आपला मोत्यासारखा 'म' काढला. पंचफुला आधी पत्र्याकडे, मग मातीकडे, मग पुन्हा पत्र्याकडे बघत राहिली. खिडकीबाहेर उभा असलेला नत्थुजी आणि आत उभी असलेली ती, मधला पत्रा, आणि त्यातून येणारं ऊन. तिला सगळं एकदम समजलं.

"म्हंजे समदेच," ती म्हणाली. "समदे लेकरं."

गुरुजींना आता हसू येईना. ते म्हणाले, "पोरीला उद्या पाठवा."

माणूस गाठीसारखा होता, पण गाठ एकदा सुटली की धागा सरळ असतो. त्यांनी मैनाची पाटी आरशापुढं धरून तिला तिचीच अक्षरं सुलट दाखवली. सतरा दिवसांत पोरगी सरळ लिहू लागली. पोळ्यापर्यंत ती धडा वाचत होती, आणि तिच्याबरोबरची कोरी आलेली पोरं अजून पाटीवर रेघा ओढत होती. तिला अक्षरांची भीती नव्हती, गोष्ट कुठून सुरू होते आणि पान कशासाठी उलटायचं हे तिला ठाऊक होतं, आणि बोललेलं कागदावर राहतं ही गोष्ट, जी समजवायला गुरुजींना दरवर्षी हिवाळा लागे, ती तिला धड बोलायला लागण्याच्या आधीच समजली होती. गुरुजी स्वतःशी म्हणाले असतील की त्या बाईनं सगळं बरोबर केलं, फक्त भिंतीवर टांगताना चुकली. आपण हे जाऊन सांगितलं पाहिजे असं त्यांना वाटलं. इथवर ठीक होतं. त्यांना आरसा घेऊन जावंसं वाटलं, हे वाईट झालं.

कार्तिकात हंगामाची भरती होती. फाटकाशी बाया जमल्या होत्या आणि खोलीत कोण बसणार हे खुशालराव ठरवणार होता. देवराव गुरुजी आले, हातात आरसा, बरोबर मैना. त्यांनी एका लेकराकडून कोळशानं फरशीच्या तुकड्यावर अक्षर काढून घेतलं. ते उलटं आलं. "आता बघा," म्हणून त्यांनी आरसा समोर धरला. आरशात अक्षर सुलट झालं. गुरुजींनी विजयानं सगळीकडे बघितलं.

बाया दोन पावलं मागं सरल्या.

"आरशात सीधं होते, बाप्पा," एक जण हळूच म्हणाली. "बाहीर उलटं आन् आरशात सीधं."

"मंग मी काय सांगून राहिली व्हती?" गोदाबाई म्हणाली.

गुरुजींनी प्रकाश, बाजू, पत्रा असं बरंच समजावलं. जितकं समजावलं तितक्या बाया लेकरांना पदराखाली घेत गेल्या. शेवटी खुशालराव पंचफुलाकडे वळला. "काय वो, तुहं काय म्हननं हाय?"

तिनं काहीतरी सांगायला हवं होतं. आयुष्यभर बोलणारी बाई. पण ती खाली बघून एवढंच म्हणाली, "चूक माहीच हाय."

गुरुजींना वाटलं ती पत्र्याबद्दल बोलते आहे. बायांनी कबुली ऐकली. ती कोणाबद्दल बोलत होती, मैनाबद्दल की बडनेऱ्याच्या देवमनबद्दल, हे मला सांगता येणार नाही.

केशरबाई पुढच्या रांगेतच उभी होती. तिची पोरगी धडे वाचत होती, तिला सगळं कळलं होतं. ती काही बोलली नाही. वस्तीतल्या माणसानं वस्तीतल्या माणसाची बाजू घेतली की दोघांचंही काम जातं, हा हिशेब तिच्या डोक्यात आला असावा. धर्मपाल तिच्या कडेवर होता. तो पंचफुलाकडे झेप घेत होता आणि ती त्याला आवळून धरत होती.

खोली गोदाबाईला मिळाली. पंचफुलाला खुशालरावानं अंगणात कापूस निवडायला बसवलं. तेवढी माणुसकी त्याच्यापाशी होती. पत्रे काढून नत्थुजीकडे परत गेले. आठ दिवसांत खोली शांत झाली. साहेब आला आणि त्याला जुनं वाक्य पुन्हा लिहिता आलं.

मधल्या सुटीत पंचफुला भाकरी खात नसे. नत्थुजीकडून एक पत्रा घेई आणि खिडकीबाहेर, जिथं तो उभा राहायचा तिथं उभी राही. आता काळी बाजू आत करून. तिच्याकडे स्वच्छ बाजू येई, तिची जुनी, उलटी. आतल्या लेकरांना सुलट दिसावं म्हणून ती स्वतः उलटं बघत उभी राही.

"धर्मपाल," ती गजातून म्हणे, "हा म. मायचा. पाह्य इकडं."

"झोपला थो," गोदाबाई आतून म्हणे. "काहून घसा कोरडा करून राहिली?"

"झोपू दे. मी हयू बोलतो."

धर्मपाल दीड वर्षाचा झाला, मग दोन वर्षांचा. आधी येत होते ते पाच-सहा शब्द त्यानं एकेक करून टाकून दिले. संध्याकाळी केशरबाई त्याला खांद्यावर टाकून नेई तेव्हा त्याचे डोळे उघडे असत आणि कशावरही थांबत नसत. मैना घरी त्याच्यापुढं पुस्तक धरी. तो पुस्तकाच्या पलीकडे बघे. एकदा फाटकाबाहेर केशरबाई पंचफुलाजवळ थांबली.

"तो बोलत नाई वो," ती म्हणाली.

"गोळी बंद कर."

"मंग कामावर कोन जाईन?"

पंचफुलानं धर्मपालच्या पाठीवरून हात फिरवला. देवमनच्या वेळी तिनंही हाच हिशेब केला होता.

हे दोन हंगाम चाललं. चौसष्टच्या हिवाळ्यात लेकरं तिच्या आवाजानं चाळवतात, अशी गोदाबाईनं तक्रार केली. एक-दोन लेकरं खरंच गोळी असूनही खिडकीकडे मान वळवू लागली होती. खुशालरावानं नत्थुजीला बोलावून सांगितलं, "थंडी येते आत. खिडकीले टीन मारून दे."

नत्थुजीनं टीन मारलं. खुशालराव संध्याकाळी बघायला आला तर खिडकीवर ओळीनं देवनागरी मुळाक्षरं ठोकलेली होती, अ पासून, मावतील तेवढी.

"हे काय होय?"

"टीन होय," नत्थुजी म्हणाला. "गोदामात येवढंच व्हतं."

खुशालरावानं मिशीवरून हात फिरवला. मग निघून गेला. त्याला काय वाटलं ते कुणाला कळलं नाही. टीन मात्र त्यानं काढायला लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तशी खोलीत अक्षरांच्या वाटेनं ऊन उतरलं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर, झोळ्यांवर, झोपलेल्या तोंडांवर उजेडाचे तुकडे सरकत गेले. धर्मपालच्या गालावर एक आला आणि कानामागं गेला. त्यानं डोळा उघडला नाही. उजेडानं लेकरं उठतील म्हणून गोदाबाईनं झोळ्या सोडून पलीकडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन बांधल्या.

पंचफुला अंगणात कापसातला पाला निवडत होती. नत्थुजी हातोडी घेऊन जवळून जात होता. तिनं मान वर न करता विचारलं, "नत्थुजी, कोन्ती बाजू आत हाये?"

"काई बाजू."

"मंग सीधं हाय," ती म्हणाली, आणि पुढचा ढीग जवळ ओढला.